मेसमधला डॉक्टर

1993 साली दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका सुरू झाली. पहिल्या वर्षी तिचे 14 भाग झाले, 1997 मध्ये आणखी 20. रजित कपूर ब्योमकेश झाले होते आणि त्याचा लेखक मित्र अजित बंद्योपाध्याय ही भूमिका के. के. रैना यांनी केली होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे सगळा देश घरात बसला, तेव्हा दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या. त्यांत हीही होती. मधल्या सत्तावीस वर्षांत टीव्हीवर कितीतरी झगझगीत रहस्यमालिका येऊन गेल्या, तरी या मालिकेला तिचा प्रेक्षक पुन्हा मिळाला.

या प्रकरणात आपण तिचा पहिलाच भाग, ‘सत्यान्वेषी’, नीट पाहणार आहोत. जुन्या काळात घडणारी गुप्तहेरकथा पडद्यावर आली की आपली नजर आधी धोतर, कंदील, घोडागाडी, जुन्या मोटारी यांच्याकडे जाते. कालखंड उभा राहिला की नाही हे आपण त्यावरून ठरवतो. खरी कसोटी निराळी आहे. कथेतला गुन्हा दुसऱ्या कुठल्याही काळात तसाच घडला असता का, हे विचारायला हवं. घडला असता, तर तो काळ फक्त कपड्यांपुरता आहे. ‘सत्यान्वेषी’ या कसोटीला पूर्ण उतरते. तिच्यातला गुन्हा त्या वेळच्या कलकत्त्यातली माणसं कुठे राहत होती, कोणावर विश्वास टाकत होती आणि कशाला भीत होती यांतून उगवतो.

गुन्हेगार कोण ते सांगितल्याशिवाय पुढची चर्चा करता येणार नाही. ज्यांना तो भाग कोऱ्या मनानं पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा आणि मग पुढचं वाचावं.

एका छपराखाली दोन सोंगं

मूळ कथा शरदिंदु बंद्योपाध्याय यांची. ती घडते बंगाली सन 1331 मध्ये, म्हणजे 1924-25 च्या सुमारास. शिक्षण संपवलेला अजित मध्य कलकत्त्यातल्या एका मेसमध्ये राहतो. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशांच्या व्याजावर त्याचं भागतं, लग्न करायचं नाही आणि साहित्याची सेवा करायची असं त्यानं ठरवलेलं आहे. मेस चालवणारे अनुकूलबाबू होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. ते तळमजल्यावर रोगी तपासतात, वरच्या खोल्यांतून बिऱ्हाडकरू राहतात आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत सगळ्यांच्या गप्पा रंगतात. वस्ती मात्र बदनाम आहे. आसपास खून होत आहेत आणि पोलिसांना धागा सापडत नाही.

अशात अतुलचंद्र मित्र नावाचा एक तरुण जागा शोधत येतो. मेसमध्ये खोली रिकामी नाही. अजितला त्याची दया येते आणि तो त्याला आपल्या खोलीत घेतो. मग मेसमधल्या अश्विनीबाबूंच्या नजरेला रात्री खिडकीतून असं काही पडतं, की त्यांची झोप उडते. ते ज्याला विश्वासानं सांगायला जावं त्याच्याकडेच जातात, आणि सकाळी त्यांचा गळा चिरलेला आढळतो. पोलिसांचा संशय नव्यानं आलेल्या अतुलवर जातो. शेवटी कळतं की अतुल म्हणजेच ब्योमकेश बक्षी. तो पोलीस कमिशनरांच्या संमतीनं नाव बदलून इथे राहायला आला होता. आणि प्रेमळ, परोपकारी अनुकूलबाबू हे कोकेनच्या चोरट्या व्यापाराचे सूत्रधार आणि खुनी आहेत. रात्री ते आपल्या नव्या बिऱ्हाडकरूचा काटा काढायला त्याच्या खोलीत शिरतात, तेव्हा ब्योमकेश त्यांची वाटच पाहत असतो.

ही मांडणी साधी दिसते, पण तिच्यात मोठं कसब आहे. एकाच छपराखाली दोन माणसं सोंग घेऊन राहत आहेत. एकानं नाव बदललंय, दुसऱ्यानं नाव तेच ठेवून चारित्र्य बदललंय. अजित पहिल्याबरोबर एका खोलीत झोपतो आणि दुसऱ्याबरोबर रोज संध्याकाळी बसतो, तरी त्याला दोघांपैकी एकाचाही पत्ता लागत नाही. कथा अजितच्या तोंडून येत असल्यामुळे आपणही त्याच्याइतकेच आंधळे असतो. गुन्हेगार पहिल्यापासून समोर वावरत असतो आणि त्याच्याविरुद्धची प्रत्येक गोष्ट आपल्याला दिसलेलीही असते. त्याच सुमारास, 1929 मध्ये, इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले होते. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, हा त्यांतला पहिला. शरदिंदूंनी हा न्याय वाचकाला पुरेपूर दिला आहे.

मेस नावाची संस्था

आता काळाच्या कसोटीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे मेस.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता हे ब्रिटिश हिंदुस्थानातलं मोठं व्यापारी आणि शैक्षणिक शहर होतं. राजधानी 1911 मध्ये दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली, तरी कचेऱ्या, कॉलेजं, छापखाने, पेढ्या तिथेच राहिल्या. बंगालच्या गावागावांतून तरुण शिकायला आणि कारकुनी करायला येत. बायका-मुलं गावी असत आणि हे पुरुष मेसमध्ये राहत. खोली दोघांत-तिघांत, स्वयंपाकाला आचारी, महिन्याचा हिशेब ठरलेला. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी गाळ्यात पथारी टाकून जसं आयुष्य काढलं, तसंच हे होतं, फक्त इथली माणसं बहुधा लिहिण्यावाचण्याच्या नोकरीतली होती. हॅरिसन रोड म्हणजे आजचा महात्मा गांधी रोड. तिथल्या प्रेसिडेन्सी बोर्डिंग हाउसमध्ये खुद्द शरदिंदु राहिलेले होते, आणि कवी जीवनानंद दासही तिथे राहिले होते. म्हणजे मेस लेखकानं आतून पाहिलेली होती.

अशा मेसमध्ये शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याचं गाव, घराणं, पूर्वायुष्य पडताळून पाहण्याची सोय नव्हती. तो जे सांगेल ते खरं मानायचं. गावात माणसाची ओळख त्याच्या जन्माआधीच झालेली असते. शहरातल्या मेसमध्ये ती तो स्वतः करून देतो. अतुलचंद्र मित्र या नावानं कोणीही येऊ शकतो, आणि गल्लीतल्या सगळ्यांचा कैवारी म्हणून कोणीही नाव कमावू शकतो. शरदिंदूंच्या कथेचं सगळं यंत्र या एका सत्यावर फिरतं.

पांढरी पूड

दुसरी गोष्ट म्हणजे होमिओपॅथी. लेखकानं खलनायकाला हाच व्यवसाय का दिला असेल? कारण त्या काळच्या बंगालमध्ये होमिओपॅथीच्या डॉक्टराइतकं विश्वासाचं माणूस क्वचितच असेल. महेंद्रलाल सरकार हे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून एम.डी. झालेले नामवंत डॉक्टर. आधी ते या पद्धतीचे टीकाकार होते. 1867 मध्ये त्यांनी जाहीरपणे तिचा पुरस्कार केला आणि वैद्यकीय वर्तुळाचा रोष ओढवून घेतला. याच सरकारांनी 1876 मध्ये विज्ञानसंशोधनाची जी संस्था काढली, तिच्यात पुढे सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये आपला जगप्रसिद्ध शोध लावला. ईश्वरचंद्र विद्यासागर आयुष्याच्या उत्तरार्धात कर्माटाडला राहत असताना संथाळांना होमिओपॅथीची औषधं देत. औषध स्वस्त, गोड, घरोघरी पोचलेलं, आणि ते देणारा डॉक्टर म्हणजे गरिबांचा वाली, अशी प्रतिमा दोन पिढ्यांत घट्ट बसली होती. अनुकूलबाबू कथेत शिरतात ते ही सगळी पुण्याई सोबत घेऊन. वाचकाच्या मनात त्यांच्याविषयी आदर निर्माण करण्यासाठी शरदिंदूंना दोन ओळीही खर्चाव्या लागत नाहीत.

आणि या पुण्याईला जोडून एक व्यवहारी सोय आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टराकडे छोट्या बाटल्या, पुड्या आणि दुधाच्या साखरेची पांढरी पूड असते. कोकेनही पांढरी पूडच. दिवसभर कोणीही यावं, पुडी घेऊन जावं, संशय येण्याचं कारणच नाही.

कोकेनचा चोरटा व्यापार हा शरदिंदूंच्या कल्पनेचा खेळ नव्हता. कोकाच्या पानांतून हे द्रव्य 1860 च्या आसपास जर्मनीत वेगळं काढण्यात आलं. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ते बधिरीकरणासाठी वापरून दाखवलं, आणि काही वर्षांत ते औषध म्हणून हिंदुस्थानात येऊन पोचलं. दवाखान्यातून ते बाजारात गेलं. शतक उलटता उलटता बंगाल आणि बिहारमध्ये लोक ते पानात घालून खाऊ लागले. सरकारनं विक्रीवर निर्बंध आणले तसा चोरटा माल वाढला. आधी जर्मनीचा, पुढे जपानचा माल बोटींतून कलकत्ता आणि मुंबईच्या बंदरांत उतरू लागला. वजनाला हलका, आकारानं लहान आणि किमतीला भारी असा हा माल लपवणं सोपं होतं. 1912 च्या हेग इथल्या आंतरराष्ट्रीय करारात अफूबरोबर कोकेनचाही समावेश झाला, आणि हिंदुस्थानात घातक मादक द्रव्यांचा स्वतंत्र कायदा 1930 मध्ये आला. कथा लिहिली गेली 1933 च्या सुरुवातीला. म्हणजे पहिल्या वाचकांसाठी अनुकूलबाबूंचा धंदा हा वर्तमानपत्रातला ताजा विषय होता. आज आपण ज्याला जुना काळ म्हणतो तो त्यांचा चालू काळ होता.

खोटं नाव आणि खरी भीती

तिसरी गोष्ट कथेत उघडपणे येत नाही, पण तिच्याशिवाय त्या काळच्या माणसाला ही कथा कशी भिडली असेल ते कळत नाही. 1924 साली चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर झाले आणि सुभाषचंद्र बोस महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं बंगालसाठी खास वटहुकूम काढला, आणि खटल्याशिवाय अटकेत टाकलेल्यांत सुभाषबाबूही होते. पोलीस कमिशनर होते चार्ल्स टेगार्ट, क्रांतिकारकांच्या मागावर राहण्यासाठी प्रसिद्ध असलेले. अशा शहरात एखादा शिकलेला तरुण खोट्या नावानं मेसमध्ये राहत असल्याचं उघड झालं, तर शेजाऱ्यांच्या मनात पहिला विचार कोणता येईल? आणि पोलीस त्याला उचलून नेतात तेव्हा मेसमधल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा का येईल?

शरदिंदूंनी राजकारणाला हात लावला नाही. पण वातावरणातला तो ताण त्यांना आयता मिळाला होता. ब्योमकेशचं वेगळेपणही इथेच दिसतं. तो पोलिसांचा माणूस नाही आणि सरकारचा शत्रूही नाही. कथेच्या शेवटी अजित त्याच्या हॅरिसन रोडवरच्या घरी जातो, तेव्हा दारावरच्या पितळी पाटीवर नावाखाली ‘सत्यान्वेषी’ एवढंच लिहिलेलं असतं.

त्याच्याआधी बंगालीत गुप्तहेरकथा नव्हत्या असं नाही. कलकत्ता पोलिसांतले अधिकारी प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी 1892 पासून ‘दारोगार दप्तर’ मधून आपले अनुभव सांगितले, आणि पांचकडी दे यांच्या कादंबऱ्या आवडीनं वाचल्या जात. पण धोतर नेसणारा, चहा पिणारा, विलायती गुप्तहेराचं सोंग न करणारा मध्यमवर्गीय बंगाली तरुण बुद्धीच्या जोरावर गुन्हा उकलतो, हे शरदिंदूंनी पक्क्या पायावर उभं केलं. खरं तर ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत हीरा’ या ब्योमकेशकथा त्यांनी ‘सत्यान्वेषी’च्या आधी लिहिल्या होत्या. या पात्रावर मालिका लिहायची असं ठरल्यावर त्यांनी मागे जाऊन ब्योमकेश आणि अजितची पहिली भेट लिहिली. ती नंतर सुचली असली तरी वाचकानं सुरुवात तिच्यापासूनच करावी, आणि बासू चटर्जींनीही तसंच केलं.

चाळीतून कलकत्त्याकडे

बासूदांनी ही कथा पडद्यावर आणताना काय केलं? फारशी ढवळाढवळ केली नाही, हेच त्यांचं मोठेपण. चित्रपटात येण्यापूर्वी ते मुंबईत ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात अनेक वर्षं व्यंगचित्रकार होते. थोडक्या रेषांत माणूस पकडायची सवय तिथली. 1972 चा त्यांचा ‘पिया का घर’ हा राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ या 1970 च्या मराठी चित्रपटावर बेतलेला होता. चाळीतल्या अपुऱ्या जागेत नवविवाहितांना दोन क्षणांचा एकांत मिळत नाही, ही त्याची गोष्ट. 1986 च्या ‘एक रुका हुआ फैसला’ मध्ये त्यांनी बारा माणसांना एका खोलीत बसवून अख्खा चित्रपट केला. त्यात एकट्यानं शंका घेणाऱ्या पंचाच्या भूमिकेत के. के. रैना होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की मेसची कथा त्यांच्या हातात का शोभली ते कळतं. दाटीवाटीनं राहणारी माणसं एकमेकांना कशी टाळतात, कशी सांभाळून घेतात, भिंतीपलीकडचं ऐकून न ऐकल्यासारखं कसं करतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं चित्रित केलं होतं. दूरदर्शनच्या तुटपुंज्या खर्चात जुन्या कलकत्त्याचे रस्ते उभे करणं कठीण होतं, पण खोल्या उभ्या करता येत होत्या, आणि ही कथा खोल्यांचीच आहे. रजित कपूर यांचा ब्योमकेश आवाज चढवत नाही, कोट्या करून भाव खात नाही. तो ऐकतो. रैनांचा अजित भोळा आहे, मूर्ख नाही. त्याच्या चांगुलपणामुळेच एका अनोळखी माणसाला खोली मिळते आणि त्यातून गुन्हा उघडकीला येतो. पुढच्या भागांत ब्योमकेशची पत्नी सत्यवती म्हणून सुकन्या कुलकर्णी दिसतात. मराठी घराघरांत त्या नंतर ‘आभाळमाया’मुळे पोचल्या. सत्यवतीच्या भूमिकेत त्यांनी बंगाली गृहिणीचा शांत ठसका सहज उभा केला आहे.

याच कथेचा वेगळा वापर पाहायचा तर दिबाकर बॅनर्जींचा 2015 चा ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी!’ पाहावा. सुशांतसिंह राजपूतचा तरुण ब्योमकेश आणि नीरज कबी यांचे डॉक्टर अनुकूल तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कलकत्त्यात भेटतात. जपानी हल्ल्याची भीती, अमली पदार्थांच्या टोळ्या, शहरभर पसरलेलं कारस्थान असा त्याचा पसारा आहे. चित्रपट देखणा आहे आणि त्यातलं शहर मेहनतीनं घडवलेलं आहे. पण डॉक्टर जागतिक कारस्थानाचा नायक झाला की त्याच्या विश्वासघाताची धार बोथट होते. मूळ कथेतली भीती आपल्या उंबऱ्याइतकी जवळची आहे. रोज औषध देणाऱ्या, खुशाली विचारणाऱ्या माणसाच्या हातात रात्री वस्तरा असू शकतो, या विचारानं जो काटा येतो तो मोठ्या टोळीयुद्धानं येत नाही.

पुण्याचा ब्योमकेश

या कलकत्त्याच्या गुप्तहेराचं महाराष्ट्राशी नातं आहे, आणि ते बऱ्याच मराठी वाचकांना ठाऊक नसतं. शरदिंदूंचा जन्म 1899 चा, जौनपूरचा. मुंगेरला काही काळ वकिली करून ते पूर्णवेळ लेखक झाले. 1938 मध्ये हिमांशु राय यांच्या बोलावण्यावरून ते मुंबईत आले आणि बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहू लागले. ‘दुर्गा’ आणि ‘कंगन’ या चित्रपटांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. या धबडग्यात ब्योमकेश जवळजवळ पंधरा वर्षं गप्प होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी चित्रपटांना रामराम ठोकला, पुण्यात बिऱ्हाड केलं आणि ब्योमकेशला पुन्हा हाक मारली. त्यानंतरच्या बहुसंख्य कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. त्यांतली ‘शैलरहस्य’ तर थेट महाबळेश्वरात घडते. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या साहसकथाही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. 22 सप्टेंबर 1970 रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा ‘विशुपाल वध’ ही ब्योमकेशकथा अर्धी राहिली होती.

पुण्यातून लिहितानाही त्यांनी काळाची साथ सोडली नाही. ब्योमकेश लग्न करतो, बाप होतो, वयानं वाढतो. ‘आदिम रिपु’ 1946 च्या दंगलींनी होरपळलेल्या कलकत्त्यात घडते आणि स्वातंत्र्याच्या दिवसापर्यंत येते. तिथला गुन्हा त्या धुमश्चक्रीशिवाय घडूच शकला नसता, जसा अनुकूलबाबूंचा गुन्हा मेस आणि होमिओपॅथीशिवाय घडू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी जुन्या काळातली एखादी रहस्यमालिका पाहाल, तेव्हा तीन प्रश्न सोबत ठेवा. या कथेतली माणसं एकमेकांना कशाच्या आधारे ओळखतात? त्यांचा डोळे झाकून विश्वास कोणत्या पेशावर, कोणत्या पाटीवर आहे? आणि त्यांना रात्री दार ठोठावणाऱ्याची भीती वाटत असेल, तर तो कोण असेल असं त्यांना वाटतं? ‘सत्यान्वेषी’ तिन्ही प्रश्नांची उत्तरं गोष्टीच्या ओघातच देते. ज्या मालिकेकडे ती नसतील, तिच्यातल्या मोटारी कितीही अस्सल असोत, प्रेक्षकाला त्या काळात नेऊन पोचवणं तिला जमणार नाही.